शमुवेलची प्रार्थना आणि माझी नक्कल

पासष्टच्या लढाईत मी एलएमजीचा, म्हणजे हलक्या मशीनगनचा, नंबर दोन होतो. नंबर एक गोळी चालवतो. नंबर दोन मॅगझिन भरून देतो आणि तापलेली नळी बदलतो. दोघांचा खंदक एक, चहाचा मगही एकच. माझा नंबर एक होता लान्स नायक शमुवेल, जळगाव जामोदकडचा, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका खेड्यातला. मी देऊळघाटचा गणपत. दोघांचा जिल्हा बुलढाणा. फौजेत एवढ्या नात्यावर माणसं सख्खी होतात.

शमुवेल पलटणीत एकटाच ख्रिस्ती. संध्याकाळचा स्टँड-टू, म्हणजे अंधार पडेतो हत्यार रोखून सावध बसणं, संपला की तो हेल्मेट काढायचा, गुडघे टेकायचा आणि प्रभूची प्रार्थना म्हणायचा. तिच्यामागे पदरची चार वाक्यं जोडायचा. "बापा, मायचा दमा कमी कर. बहिनीचं बाळंतपन सुखरूप होऊ दे. प्लाटूनले सांभाळ. अन या गण्याले थोडी अक्कल दे."

नकला करण्यात मी वस्ताद. सुभेदारसाहेबांचा खोकला, पंडितजींची आरती, लंगरच्या स्वयंपाक्याची चाल, सगळं हुबेहूब. पण खरी फर्माईश शमुवेलच्या प्रार्थनेची. त्याचा तो नाकातला आवाज काढून मी ती पहिल्या शब्दापासून म्हणायचो. 'गण्याले अक्कल दे' आलं की जवान पोट धरून लोळायचे.

"काऊन बे, देवाचाबी तमाशा करतं?" शमुवेल म्हणायचा.

"देवाचा कायले? तुहा करतो."

"मंग नीट कर. मधातली ओळ गाळली तुनं."

आम्ही हद्द ओलांडून एक गाव घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सहा दहाला तोफांचा मारा सुरू झाला. मी मॅगझिनची पेटी ओढायला खाली वाकलो. गोळा खंदकाच्या डाव्या काठावर पडला. उठलो तेव्हा शमुवेल गनवर ओणवा होता. मी एकदा हाक मारली. दुसऱ्यांदा मारली नाही. त्याला बाजूला सरकवून गन घेतली आणि साडेनऊपर्यंत चालवली.

मारा थांबला तेव्हा प्लाटूनचे चार गेले होते.

सुभेदारसाहेबांनी पडक्या घरांची दारं, तुळया, खाटा गोळा करवल्या. एका चितेपुरतं लाकूड निघालं.

"चौघांना एकत्र अग्नी द्यायचा," साहेब म्हणाले. "दुपारी परत मारा येणार."

"साहेब, शमुवेलला माती पाहिजे."

"पाद्री कुठाय?"

वायरलेसवर विचारलं. उत्तर आलं, "पाद्री मागे आहे. आज पोचणार नाही. ओव्हर."

"ऐकलंस? मुक्यानं पुरायचा काय त्याला?"

"प्रार्थना मला येते साहेब."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझी नक्कल त्यांनीही पाहिली होती. मला वाटलं, कानाखाली बसणार.

"एक तास," ते म्हणाले. "आणि तिथं नाटक केलंस तर याद राख."

आम्ही चार जवानांनी आळीपाळीनं गैंती चालवली. सव्वातीन फूट खणलं. ब्लँकेटात गुंडाळून त्याला खाली ठेवलं. मी गुडघे टेकले. माझ्या स्वतःच्या आवाजात म्हणायचं ठरवलं होतं, पण तोंडातून त्याचाच निघाला, तोच नाकातला. ती प्रार्थना मला दुसऱ्या आवाजात येतच नव्हती. कोणी हसलं नाही. आईचा दमा झाला, बहीण झाली, प्लाटून झाली. शेवटच्या वाक्याशी मी अडकलो.

मागून साहेब हळू म्हणाले, "पुढं म्हण."

म्हटलं. मग माती लोटली. वेळ अकरा चाळीस.

लढाई थांबली. माझं जेवण सुटलं, झोप सुटली. नकला बंद झाल्या. थंडी सरताना रजा मिळाली आणि मी जळगाव जामोदच्या बसमध्ये बसलो. पुढं पायी. भीती एकच होती. शमुवेलची माउली विचारणार, माझ्या लेकाला माती देताना प्रार्थना कोणी केली? त्याची टिंगल करणाऱ्यानं, हे तिला कोणत्या तोंडानं सांगायचं?

ती अंगणात ज्वारी पाखडत होती. मी नाव सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं, पाणी दिलं, आणि तेच विचारलं.

"मी केली मावशी. मी ख्रिस्ती नाही. त्याची नक्कल करून करून पाठ झाली होती. टवाळी म्हणून शिकलो मी ती."

"मले ठाव हाये."

ती आत गेली आणि एक पत्र घेऊन आली. तिला वाचता येत नव्हतं. पण पाद्रीबाबांकडून इतक्यांदा वाचून घेतलं होतं की कागद माझ्या हातात देऊन तीच बोलत गेली. "लिवते का, देऊळघाटचा गणपत माह्या प्रार्थनेची नक्कल करते. शब्द चुकला का दुसऱ्या दिवशी मी तो हळू म्हनतो, त्याले नीट यावा म्हून. आता पुरी पाठ झाली. सांगू नको कोनाले, नाहीतर सोडून देईन तो."

मी कागदाकडे बघत बसलो. डोळे कोरडेच.

"रड ना बाबा," ती म्हणाली. "इथं हुकूम लागत नाही."

मग रडलो. फौजेत गेल्यापासून पहिल्यांदा. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि धाप लागत लागत प्रार्थना केली. मी सांत्वन करायला गेलो होतो.

निघताना तिनं कबरीचं विचारलं. मी आढेवेढे घेतले नाहीत. समझोता झाला होता, घेतलेली जमीन परत गेली होती. "हद्दीपलीकडे आहे मावशी. त्याच्यासोबत गेलेल्या तिघांना तिथंच अग्नी दिला. तिथं कोणाला जाता येणार नाही."

तिनं सुपातली ज्वारी बोटांनी सारखी केली. मग म्हणाली, "मंग तिकडल्या मातीसाठीबी मांगा लागीन. तिच्या पोटात माहं पोरगं हाये." तिनं विचारलं, "अन बाकीचे तिघं कोन होते?"

मी नावं सांगितली. नायक दगडू. शिपाई रामचंद्र. शिपाई बाबू. तिनं ती दोनदा म्हणून पाहिली.

ती होती तोवर दर रविवारी तिच्या प्रार्थनेत चारही नावं असायची, आणि पाचवी ती माती. आता ती नाही. नावं मी घेतो, त्या मातीसकट.