पडेल माणूस

रुपसिंगला राजकारण कळत नाही, असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. यावलच्या बसस्टँडसमोर चहा उकळण्यात माझा जन्म गेला. ढीगभर पुढारी पाहिले. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून येणारा हा माणूस केळीचे घड खांद्यावर वाहतो, अन् त्याचं गणित सरळ होतं: मत कुणालाही द्या, गाऱ्हाणं मात्र पडेल माणसाकडे न्या.

निवडणुकीत हरलेल्याला आमच्याकडे पडेल म्हणतात. "निवडून आलेल्याला फुरसत नसते, अमृतभाऊ," रुपसिंग सांगायचा. "पडेल रिकामा बी असतो अन् चिडेल बी."

तेव्हा गावात दोनच पार्ट्या होत्या, रतिलाल नानांची अन् मुरलीधर आबांची. नाना सत्तेत होते तेव्हा रुपसिंगने आबांना धरलं, आबांनी बोंबाबोंब केली, अन् पाड्यावर हापसा आला. पुढे आबा निवडून आले. मग विजेच्या खांबांसाठी नाना भर उन्हात रस्त्यावर बसले. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. हा तिसरा म्हणजे आमचा रुपसिंग.

मग पार्ट्या फुटल्या. दोनाच्या चार झाल्या, चाराच्या सहा, अन् वर अपक्ष. मीच त्याची थट्टा केली होती, "रुपसिंग, मजा आहे गड्या तुझी! आता एक निवडून येईल अन् पाच पडेल मिळतील तुला." तो खो खो हसला. माझ्या जिभेला काही हाड आहे का! त्या निवडणुकीत नाना निवडून आले.

गेल्या पावसाळ्यात पाड्याच्या नाल्यावरची फरशी, म्हणजे तो बुटका पूल, खचली अन् एसटी गाडी फाट्यावरूनच परत फिरू लागली. फाट्यापासून पाड्यापर्यंत दोन्ही बाजूंना केळी, अन् केळीत बिबट्या. रुपसिंगची सोनल यावलला कॉलेजात जायची, बीएच्या पहिल्या वर्षाला. त्या पाड्यावरून कॉलेजात गेलेली पहिली पोरगी. तिच्या आईने, रुपलीने, नवऱ्याला स्पष्ट सांगितलं की फरशी झाली तर पोरगी शिकेल, नाहीतर आलेली सोयरीक पक्की करायची. रुपलीचं तरी काय चुकलं? एका वासराचा फडशा पडलेला तिने डोळ्यांनी पाहिला होता.

रुपसिंग नेहमीसारखा पडेल माणसाकडे गेला, म्हणजे आबांकडे. ओट्यावर पेढे वाटणं चालू होतं. आबा आदल्या दिवशीच नानांना जाऊन मिळाले होते. "विकासासाठी रे," म्हणाले, अन् रुपसिंगच्याही हातावर पेढा ठेवला. तो तिसऱ्या पार्टीकडे गेला. ते युतीत होते. चौथीवाल्याला कसल्याशा समितीचा अध्यक्ष केलेलं. अपक्षाने पाठिंबा दिलेला. बाकीच्या दोघांच्या गाड्याही नानांच्याच दारात उभ्या.

दुपारी तो माझ्या बाकड्यावर येऊन बसला. बरोबर सोनल होती, कॉलेजातून घरी न्यायला आला होता तिला. चहा तसाच निवत राहिला.

"अमृतभाऊ, बठ्ठा निवडी येल शेतस," तो म्हणाला. "पडेल कोन शे?"

सगळेच निवडून आलेले, मग पडेल उरला कोण? मी उगाच दुधाखालचा जाळ वाढवला.

सोनलच म्हणाली, "काका, आम्हाला धडा आहे. दोन पक्ष असले की एक सत्तेत बसतो, दुसरा त्याला जाब विचारतो. खूप पक्ष असले की मतदाराला निवड जास्त मिळते."

"अन् निकालानंतर सगळेच एका ताटात जेवायला बसले तर?" मी विचारलं.

तिने पुस्तक चाळून पाहिलं. "ते नाही दिलं, काका."

मला इतका संताप आला की पातेल्यातलं दूध उतू गेलं तरी कळलं नाही. पण संतापून करतो काय? मी चहावाला. मीही नानांना फोन लावला. "बघू, बघू" म्हणाले.

सोनलच्या साखरपुड्याला मी पाड्यावर गेलो. नाना अन् आबा एकाच गाडीतून आले. गाडी फरशीपाशी अडली, तेव्हा दोघं पायजमे वर धरून, एकमेकांचा हात धरून नाला उतरले. रुपसिंगने दोघांना टॉवेल-टोपी दिली. नाना खूश झाले. "रुपसिंग, काही अडचण असली तर मोकळेपणाने सांग," म्हणाले.

रुपसिंगने सवयीने आबांकडे पाहिलं. आबा नानांकडे बघत होते.

"काही नाही, नाना," रुपसिंग म्हणाला.

सोनल पाया पडायला आली. नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला अन् विचारलं, "काय करतेस, बेटा?"

"शिकत होते," ती म्हणाली.

"वा, वा," नाना म्हणाले, अन् त्यांनी प्यायला पाणी मागितलं.