मी टँकरपुढं, पिक्चर घरात

मंडळी, आज मी घरच्यांवर लई नाराज हाय.

हत्तींच्या कुटुंबाचा एक कार्टून पिक्चर मी लातूरहून पेनड्राईव्हवर आणला होता. रविवारी सगळ्यांनी मिळूनच बघायचा, असं ठरलं होतं.

आज दुपारी सगळे टीव्हीपुढं बसलो. जरा वेळानं आई हसत म्हणाली, "आता बघ, हौदात धपकन पडतंय ते!" पिल्लू तर अजून हौदापाशी पोचलंही नव्हतं.

मी बायकोकडं बघितलं. तिनं पोरीकडं बघितलं. पोरगी म्हणाली, "पप्पा, बुधवारी थोडासाच बघितला. शेवटपर्यंत."

बुधवारी मी घागरी घेऊन चार तास टँकरपुढं उभा होतो. घरी आल्यावर ह्याच लोकांनी तोंड पाडून विचारलं होतं, "लई उशीर झाला का हो?"

अन् पिक्चरची गोष्ट काय? एक पिल्लू मागं राहिलं म्हणून सगळा कळप माघारी फिरतो!

तिथं आईनं पदरानं डोळे पुसले. म्हणाली, "दुसऱ्यांदा बी रडू येतंय बघ."

तुम्हीच सांगा, हत्तीच्या पिल्लासाठी दोनदा रडणाऱ्या आईला स्वतःच्या लेकासाठी चार दिवस थांबता येत न्हाई का?