कात्रीबाईंची त्रिकोणमिती

गल्लीत तिला सगळे कात्रीबाई म्हणत. शिवणकाम करायची म्हणून, आणि जिभेलाही तशीच धार होती म्हणून! वडील गेले तेव्हा थोरल्या भावाने, दादाने, तिला अकरावीतून काढून मशीनवर बसवलं. ऐन त्रिकोणमितीच्या धड्यात. आता चाळिशी उलटली, आणि तोच दादा दहावीतल्या स्वतःच्या लेकीला सांगत होता, "पुढे गणित घ्यायचं नाही. पोरींच्या डोक्यात शिरत नाही ते. विचार तुझ्या आत्याला."

आत्याने मशीन थांबवलं. "मला काय विचारायचंय? मी बाहेरून बारावीला बसते. गणित घेऊन."

दादा खो खो हसला. "तू पास झालीस ना, तर हिला हवा तो विषय घेऊ देईन. दिला शब्द!"

झालं! बाई इरेला पेटल्या. दुपारी गिऱ्हाइकं गेली की टेबलावरचं कापड बाजूला सारायचं आणि भाचीला घेऊन पुस्तकाशी झोंबायचं. रेडियनवर तर ती कावलीच. "अंश चांगले धडधाकट असताना हे नवं खूळ कशाला?" मग एकदा गोल टेबलक्लॉथ कापताना तिने मधल्या बिंदूपासून काठापर्यंतचं माप घेतलं आणि तेवढीच टेप काठावर वळवून ठेवली. मधे झाला तो कोन एक रेडियन. अर्ध्या काठात अशी तीन मापं बसली, वर जरासं उरलं. तोच पुस्तकातला पाय. "हात्तिच्या! एवढंच होय?"

पण खरी खोड वेगळीच होती. जास्तीचं दिसलं की कापायचं, हे हातात मुरलेलं. साइन टू एक्स बरोबर साइन एक्स असं समीकरण आलं, की डावीकडे सूत्र वापरून टू साइन एक्स कॉस एक्स करायची. इथवर ठीक. मग दोन्हीकडचा साइन एक्स कचकन उडवायची.

"अगं आत्या, तो शून्य असला तर? शून्याने भागतात का कुठे? दोन उत्तरं गेली ना कचऱ्यात!"

"जाऊ देत मेली!" आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रडूच यायचं तिला. दादाचा राग यायचा, स्वतःचा त्याहून जास्त.

परीक्षेत नेमकं तेच आलं. शून्यापासून दोन पायच्या आतली सगळी उत्तरं काढा. हात शिवशिवला. तिने पेन खाली ठेवलं, एक दम घेतला, मग सगळं एका बाजूला आणून साइन एक्स कंसाबाहेर काढला. शून्य, पाय, पाय भागिले तीन, पाच पाय भागिले तीन. चारही हाती लागली.

काठावर पास झाली. पण झाली! दादा मिठाई घेऊन आला, नजर चुकवत. "अगं, तेव्हा मी आपलं गमतीत बोललो. हिने सोपंच काहीतरी घेतलेलं बरं."

भाचीचा चेहरा उतरला. आत्याने मिठाईचा पुडा त्याच्या हातात परत दिला.

"तू गमतीत बोलला असशील, दादा. मी गमतीत पास नाही झाले. चल गं, कागदपत्रं घे. प्रवेशाची खिडकी बंद होईल."

दादा दारातच उभा होता.

"सरक," ती म्हणाली.

दादा सरकला.