मीठ विसरलात, वहिनी

डॅन्यूबच्या या काठाला बल्गेरिया, त्या काठाला रोमानिया. दोन देशांची मैत्री पाहुण्यांना दाखवायची वेळ आली की आमच्या रिबार्स्कोच्या नगरपालिकेला झेंड्यांच्या आधी दोब्रीकाका आठवायचे. दोब्री कारामानोव, जातिवंत कोळी. इस्त्रीचा कोट, कोटावर दोन्ही देशांचे चिमुकले झेंडे, आणि तोंडात ती एकच गोष्ट.

गोष्ट खरी होती, हे आधीच सांगते. जुन्या राजवटीतल्या एका हिवाळ्यात धुक्यात त्यांची होडी बर्फाच्या लाद्यांमध्ये सापडून फुटली. समोरच्या सल्चीना गावच्या पेत्राके नावाच्या कोळ्याने त्यांना केसाला धरून बाहेर ओढलं आणि स्वतःच्या पोटमाळ्यावर लपवून ठेवलं. सीमेवरच्या शिपायांना पत्ता लागला असता तर दोघेही तुरुंगात सडले असते. कागदावर दोन्ही देश तेव्हाही मित्रच होते, बरं का! पेत्राकेची बायको झाम्फिरा काकांना मक्याचा गरम सांजा भरवायची, कारण त्यांची बोटं थंडीने वाकत नव्हती.

पुढे राजवट पडली, सीमा उघडली, फेरीबोट सुरू झाली. बरीच वर्षं दर रविवारी एकदा हा तिकडे, एकदा तो इकडे. मग फेरी बंद पडली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून मी, वेन्का, दोन्ही काठांवर घसा फोडते आहे. नदी ओलांडायला साधन नाही, पण नदीकडे तोंड करून बसायला दोन देशांच्या सहकार्यातून बाकडी मात्र आली. बाकड्यांशेजारी फलक, फलकावर दोब्रीकाका आणि पेत्राके गळ्यात गळा घालून.

काका त्या फोटोवर जगायला लागले. मंत्री येवोत, राजदूत येवोत, शाळेची सहल येवो, गोष्ट ठरलेली. आणि दर वेळी गोष्टीतले दोब्रीकाका जरा मोठे व्हायचे, पेत्राके जरा लहान. शेवटी शेवटी तर बर्फातून बाहेर कोणी कोणाला काढलं, याचाच ऐकणाऱ्याला घोळ व्हायचा. सल्चीनाला जाणं मात्र "पुढच्या रविवारी".

गेल्या जूनमध्ये धक्क्यावर मैत्रीदिन झाला. समोर दिसणाऱ्या गावातले पाहुणे लांबच्या पुलाचा वळसा घालून बसने आले. काका व्यासपीठावर रंगात आले होते. एवढ्यात पाहुण्यांमधून एक म्हातारी उठली, काळा रुमाल बांधलेली. आमच्याकडे सगळ्याच म्हाताऱ्या काळा रुमाल बांधतात, त्यामुळे कोणाच्या मनात काही आलं नाही. तिच्या हातात नवा कोरा टॉवेल, त्यावर गोल पाव.

"अरे, ही तर आपली झाम्फिरावहिनी!" काका माईकवरच ओरडले. "तुमचा म्हातारा कुठंय? अजून लोळतोय वाटतं आळशी!"

लोक हसले. म्हातारीने पाव पुढे केला.

पाहुण्याचं स्वागत पाव-मीठ देऊन करायचं, ही दोन्ही काठांची रीत. नगराध्यक्षांनीही सकाळी तेच केलं होतं. काकांनी ऐटीत तुकडा मोडला आणि लोकांकडे बघून डोळा मारला. "पण मीठ? मीठ विसरलात, वहिनी!"

पुन्हा हशा. काकांनी तुकडा तोंडात टाकला आणि सगळ्यांना दिसावा म्हणून टॉवेलसकट पाव तिच्या हातातून घेऊन उंच धरला. टॉवेलच्या टोकाला एक गाठ होती, ती सुटली. आतून मेणबत्ती पडली आणि फळ्यांवरून घरंगळत कडेला गेली.

आता हसू कोणाला येणार? टॉवेलात बांधलेली मेणबत्ती आणि बिनमिठाचा पाव म्हणजे मेलेल्याच्या नावाने दिलेला घास. तो घेताना आभार मानायचे नसतात. "देव त्याला क्षमा करो" म्हणायचं, तरच घास त्याला पोचतो. शब्दही दोन्ही काठांवर जवळजवळ तेच. म्हातारी त्या शब्दांसाठी उभी होती.

काकांचं तोंड भरलेलं. त्यांनी गिळलं, माईककडे बघितलं, लोकांकडे बघितलं आणि म्हणाले, "धन्यवाद."

झाम्फिरा पायऱ्या उतरली. नगराध्यक्षांनी घाईघाईने खूण केली आणि बँड वाजायला लागला.

"बंद करा रे तो बँड!" मी खालून ओरडले. "माणूस मेलाय!"

"वेन्काबाई, पाहुण्यांसमोर तरी!" नगराध्यक्ष दात आवळून म्हणाले.

"पाहुण्यांचाच माणूस मेलाय, साहेब!"

काका मागच्या बाजूला दोरखंडाच्या वेटोळ्यावर जाऊन बसले होते. पाव मांडीवर. "वेन्के, कधी गेला गं तो?"

"मला काय विचारता? मित्र तुमचा."

"फेरी बंद होती गं..."

"फेरी बंद होती. होडी होती ना? परवा मासे धरायला नदीच्या मध्यापर्यंत गेला होतात."

त्यांनी कोटावरचे झेंडे काढले आणि खिशात कोंबले. डोळे काही वर केले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं त्यांच्या होडीने पलीकडे गेलो. किती सोपं होतं ते! काठावर उतरताना माझ्याकडे न बघता काका म्हणाले, "एवढंसं तर आहे." मी होडीचा दोर खुंटाला बांधला.

झाम्फिरा फाटकाशी आली. कडी काढली नाही.

"सहा महिने झाले," ती म्हणाली. "कालचा पाव त्याच्या सहामाहीचा होता. आजारी होता तेव्हा दर रविवारी विचारायचा, फेरी सुरू झाली का? मी म्हणायचे, नाही. तुमच्याकडे होडी आहे, हा विषय मी कधी काढला नाही. त्यालाही माहीत होतं. त्यानंही नाही काढला."

काकांनी टोपी दोन्ही हातांत धरली होती. "देव त्याला क्षमा करो," ते म्हणाले.

"हे काल म्हणायचं होतं," ती म्हणाली आणि अंगणातल्या कोंबड्यांना हाकलत घरात गेली.

परतताना नदीच्या मध्यावर काकांचे हात वल्ह्यांवर थांबले. "मीठ मागितलं गं मी. तिच्याकडे. सगळ्यांसमोर."

त्यानंतर त्यांनी ती गोष्ट सांगितली नाही. राजदूत आले तेव्हा नगराध्यक्षांनी गाडी पाठवली, काकांनी ती परत धाडली. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की त्याच्या फोटोचं पत्रक दारावर लावतात. दोब्रीकाकांच्या दारावर आता पेत्राकेचं पत्रक आहे. जाणारे-येणारे थांबतात. "काका, नातेवाईक का हो तुमचे?"

"नाही. त्याने मला पाण्यातून काढलं," काका सांगतात, दर वेळी, प्रत्येकाला. "आणि तो मरत होता तेव्हा मी इकडे त्याची गोष्ट सांगत होतो."