विकून झालेलं पाकीट

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या मावशींना गिऱ्हाइकांची नावं आठवत नाहीत, पण कुणाच्या घरी काय चालत नाही ते तोंडपाठ. "तुमच्या ह्यांना साखर बंद ना?" असं भर दुकानात विचारतात, आणि शेजारी उभ्या 'ह्यां'ना तोंड लपवावं लागतं.

त्यातही चिऊसाठी त्यांचा जीव जास्तच खालीवर. चिऊ म्हणजे समोरच्या इमारतीतली शाळकरी पोर. शेंगदाण्याचा कण जरी पोटात गेला तरी ओठ सुजतात, श्वास अडकतो. एकदा दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हापासून पाकिटावरचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचल्याशिवाय मावशी त्या घरी काही देत नाहीत.

त्या सकाळी गर्दी ऐन भरात असताना घाऊक व्यापाऱ्याचा फोन आला. गोल बिस्किटांच्या एका बॅचमध्ये चुकून शेंगदाण्याचं पीठ गेलंय, पाकिटावर तसं छापलेलं नाही, माल परत द्या. मावशी फळीवरची पाकिटं उतरवू लागल्या आणि हात थबकला. कालच चिऊची आजी एक पाकीट घेऊन गेली होती. मावशींनीच वाचून, खात्रीनं दिलेलं!

चिऊच्या आईला फोन लावला, ती उचलेना.

"मावशी, पाव देताय ना?"

"घे तुझ्या हातानं!" मावशी निघाल्यासुद्धा.

"दुकान लुटून नेऊ का मग?" मागे हशा पिकला.

धापा टाकत जिना चढून त्यांनी दार वाजवलं. आजींनी उघडलं.

"कालचं बिस्किटांचं पाकीट कुठंय?"

"पाकीट? बिस्किटं बरणीत ओतली, पाकीट टाकलं." आजींच्या स्वयंपाकघरात सगळं एकसारख्या बरण्यांत. दुकानाचे रंगीत कागद त्यांना खपत नाहीत. जुनी-नवी बिस्किटं एक झालेली.

मावशींनी काय झालं ते सांगितलं. चिऊची आई ओल्या केसांनी बाहेर आली आणि ऐकून पांढरीफटक पडली. "अहो, मी सकाळीच शाळेच्या डब्यात दिलीत तिला!"

तिनं शाळेत फोन लावला. "थांबा, बघते," म्हणून बाई गेल्या. मावशींनी डोळे मिटून देवाचा धावा सुरू केला. मग चिऊचाच आवाज आला.

"आई, बाईंनी माझा डबा घेतला. मी आता काय खाऊ?"

मावशी मटकन खुर्चीत बसल्या. "उपाशी राहा गं बाई आज!" आई हसता हसता रडायला लागली.

आजींनी कचऱ्याची बादली उलटी केली. पाकीट सापडलं. बॅच तीच होती. आजींनी बरणी रिकामी केली, धुतली. मग कात्री घेऊन बादलीतल्या बाकीच्या पाकिटांवरचा छापील भाग कापून ज्याच्या त्याच्या बरणीला रबरानं लावू लागल्या.

"मावशी, तुमचे उपकार..." आईनं मावशींचे हात धरले.

"माझे कसले? देवानं निरोप वेळेवर धाडला. तो त्या घाऊकवाल्याच्या तोंडून आला इतकंच."

दुकानात परतल्या तर मघाचा थट्टेखोर गल्ल्यामागे उभा राहून साखर तोलत होता. "पोर बरी आहे ना?" त्यानं हळूच विचारलं.

"आहे रे, देवाची कृपा." मावशींनी फळीवरच्या तसबिरीला हात जोडले आणि तशाच वळून गर्दीला दरडावलं, "गोल बिस्किटं कुणीकुणी नेलीत? बोला पटापट!"