सूज मोजणारा माणूस

जालन्याच्या दवाखान्यातल्या लॅबमधला तो माणूस कुणाच्या तोंडाकडं बघत नसे. आईच्या रक्तात संसर्ग पसरला, तेव्हा मी रोज तिच्या रक्ताची नळी त्याच्याकडं नेऊन द्यायचो. यात काय बघता, असं एकदा विचारलं, तर नळीकडंच बघत म्हणाला, "अंगात सूज भडकवणारं एक प्रोटीन असतं. आमच्या टेस्टमधली अँटिबॉडी त्याला बराबर धरते. जितकं जास्त सापडलं, तितकी आत आग जास्त."

एका दुपारी मात्र तो स्वतः बाहेर आला आणि थेट माझ्याकडं बघत म्हणाला, "रिपोर्ट मंग घ्या. आधी आईकडं जा. जल्दी."

आई शुद्धीवर होती. "थोरलीला बोलव," म्हणाली. बहीण वाटूरहून पोचेपर्यंत आईची वाचा गेल्ती. तिचं शेवटचं बोलणं मला ऐकायला मिळालं, ते त्या माणसामुळं.