आमच्या घरचा चढ आणि उतार

सुताराच्या घरात भुसा साठतो, तसे आमच्याकडे किस्से साठलेत. भुसा निदान चुलीला तरी लागतो! आम्ही कराडजवळचे, बैलगाडीची चाकं करणारे. घरच्या आजारालाही आमचे शब्द गाडीरस्त्याचेच. माणूस फार खुशीत आला की ‘चढ लागला’, भिंतीकडे तोंड करून निजला की ‘उतार लागला’.

*

महायुद्धामुळे चाकाला चढवायची लोखंडी धाव मिळेना, नेमका तेव्हाच आजोबांना चढ लागला. ऑर्डर नसताना त्यांनी अंगणभर चाकं केली.

आजी म्हणाली, “आवं, गाड्या कुठं हायत?”

“चाकं बघून येत्यात की गं!”

पुढच्या उतारात आजोबा कृष्णेवर आंघोळीला गेले, ते आलेच नाहीत. चाकं अजून अंगणातच आहेत, वाळवी लागलेली.

*

मग आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, उतार लागला. गिऱ्हाईक दारातून ओरडलं, “मेस्तरी, माझं चाक कवा?”

आबा भिंतीकडे बघतच म्हणाले, “चाक फिरतंय रं गड्या. म्याच थांबलोय.”

गिऱ्हाईक लय हसलं. आई हसली नाही.

*

आबांना मिरजेला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, “घराण्यात आणखी कुणाला?”

“न्हाई,” आई घाईनं म्हणाली.

कित्येक दिवस मुके असलेले आबा तेव्हाच बोलले. “बापाकडनं येतं सायेब. हत्यारांसंगट!”

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी माझ्या अंगठ्यावरच्या घट्ट्याकडं पाहिलं. चौथीत शाळा सोडून मी तीच हत्यारं धरली होती.

*

आबा मिरजेहून घरी आल्यावर मला पलूसचं स्थळ आलं. मुलीचे वडील दुपारभर मला काम करताना न्याहाळत बसले. “पोरगं हसत न्हाई?”

“लाजाळू हाय,” आई म्हणाली.

“तुमच्या घरचं ऐकलंय मी. न हसणारंच बरं!”

सोयरीक जमली.

*

दुसऱ्या दिवशी धाव तापवताना मी गुणगुणत होतो. आई दारात येऊन थबकली. “आवं, ह्यो गातोय!”

आबांनी वाकस, पटाशी, करवत, सगळी हत्यारं उचलून माळ्यावर टाकली.

“आई, लगीन ठरलं म्हणून गातोय गं!”

“मामंजी बी असंच कायतरी कारण सांगायचं.”

मी गप्प झालो. दिवेलागणीपर्यंत बोललोच नाही.

तर आई आबांच्या कानाशी लागली, “बघा... उतार लागला!”